सहा चाळण्यांतली शेवटची

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे, एवढे सांगून माझे भागणार नाही. जुन्या गाड्या सोलापुरात गल्लोगल्ली पडल्या आहेत. कुणाच्या डिकीत कोंबड्या बसतात, कुणाच्या टपावर गोधड्या वाळतात. मी शर्यतीची गाडी आहे, आणि तीही कारखान्याने स्वतः शर्यतीसाठीच घडवलेली. वळणे घेत पळायची शर्यत नव्हे ती. सरळ रस्ता, पाव मैल अंतर, निशाण खाली पडले की सुटायचे आणि पलीकडच्या निशाणापाशी आधी पोचायचे. सगळा मिळून पंधरा-सोळा सेकंदांचा खेळ.

बढाई मारायची मला खोड आहे, हे आधीच कबूल करते. पण आजची गोष्ट बढाईची नाही. पन्नास वर्षे एक गोष्ट मला ठाऊक होती आणि ती सांगायला मला तोंड नव्हते. माझ्या शेजारी एक भला माणूस स्वतःला खुनी समजून जगत होता. तो खुनी नव्हता. हे त्याला कळण्याआधी माझे भंगार होऊ नये, एवढीच माझी धडपड होती. आता गाडी धडपडून किती धडपडणार म्हणा.

माझा जन्म पुण्याकडच्या एका कारखान्यात झाला. तो कारखाना आता राहिलेला नाही. तिथल्या साहेबांच्या मनात आले की आपल्या गाडीचा वेग लोकांना दाखवावा. त्यासाठी नेहमीच्या रांगेतून सहा गाड्या बाजूला काढल्या. आमची मागची बाके काढली, काचांच्या जागी प्लास्टिक बसवले, दारांना असा पातळ पत्रा लावला की जोरात बंद केले तर अंगठ्याचा ठसा उठावा. इंजिनाला एकाऐवजी दोन कार्बोरेटर मिळाले. तरीही वजन जास्त भरते म्हणून साहेबांनी भोके पाडायचा हुकूम दिला. जिथे लोखंड आहे तिथे भोक पाडा, तेवढेच ग्रॅम कमी होतील.

ही भोके पाडली भीमाने. भीमा सोलापूरचा, फिटर, हाताचा इतका हलका की ड्रिल लावताना मला गुदगुल्या व्हायच्या. प्रत्येक भोक तो वहीत लिहून ठेवायचा. माझ्या एकटीच्या अंगावर एकशे त्र्याऐंशी भोके झाली. कामगार आम्हाला चाळण्या म्हणू लागले. मला ते नाव आवडायचे, लाडाचे वाटायचे.

एक दिवस भीमा ब्रेकच्या पेडलपाशी थबकला. पेडल ज्या लोखंडी पट्टीवर टांगलेले असते तिला ब्रॅकेट म्हणतात. तिथेही तीन भोके पाडायची होती. तो साहेबांकडे गेला, परत आला, थोडा वेळ नुसता बसून राहिला आणि मग त्याने ती तीन भोके पाडली. त्या दिवशी मला गुदगुल्या झाल्या नाहीत.

मला चालवायचा जोतिराम. माढ्याकडच्या धनगराचा पोरगा, मेंढरांमागे पळून पळून पायात नुसती चपळाई भरलेली. भीमाची आणि त्याची जिवाभावाची मैत्री होती, एका डब्यात जेवायचे दोघे.

१९७४ च्या फेब्रुवारीत आम्हाला सोलापूरला आणले. शहराबाहेरच्या माळावर एक जुनी धावपट्टी होती, तिच्यावर शर्यत ठेवली. दोन्ही बाजूंना ही गर्दी. शेवटच्या खुणेपलीकडे निशाण धरून भीमा उभा होता. त्याने हट्टाने ते काम मागून घेतले होते, आपल्या गावात आपली गाडी पहिली आलेली त्याला समोरून बघायची होती.

आणि आम्ही पहिले आलो, मित्रांनो. खूण ओलांडली तेव्हा जोतिराम हसत होता. मग त्याने ब्रेक दाबला. त्याने वेळेवर दाबला, सगळा जीव एकवटून दाबला. भोकाभोकांमधून ब्रॅकेट चिरले, वाकले, आणि पेडल काही न करता तळाला टेकले. भीमा बाजूला उडी मारत होता. मी त्याच बाजूला गेले.

पुढचे मला सांगवत नाही.

चौकशी झाली. माझे तोंड पार चेपले होते. साहेबांच्या माणसांनी चाकांचे ब्रेक पाहिले, ते चांगले होते, आणि कागदावर लिहून टाकले की चालकाने ब्रेक लावण्यास विलंब केला. त्या कागदाची एक प्रत जोतिरामला मिळाली, दुसरी भीमाच्या बायकोला, मुक्ताबाईला. तिच्या कडेवर दोन वर्षांचा प्रदीप होता. जोतिरामची नोकरी गेली, पण त्याला त्याचे काही वाटले नाही. त्याला एकच प्रश्न खाऊ लागला. आपण ब्रेक खरोखर दाबला होता का? त्या एका क्षणाचे त्याला काही केल्या नीट आठवेना, आणि आठवत नाही म्हणजे चूक आपलीच, असे त्याने ठरवून टाकले.

मला तिथेच भंगारात टाकले. अक्कलकोट रस्त्यावरच्या गुरुलिंग वेल्डरने मला उचलून नेले. गुरुलिंग कानडी बोलायचा, मराठीही बोलायचा, आणि वेल्डिंगची ठिणगी उडत असली की दोन्ही बंद. तुटके काही दिसले की त्याच्या हाताला चैन पडत नसे. महिनाभरात त्याने माझे नाकडोळे सरळ केले. एकेका भोकावर पत्र्याचे ठिगळ ठेवून चारी बाजूंनी वेल्ड मारला. ब्रेकच्या ब्रॅकेटवरही त्याने जाड पत्रा चढवला. खाली भेग होती, ती त्याने पाहिली. फुटलेले सांधायचे, एवढेच त्याला ठाऊक होते. त्याने भेग झाकली आणि पुढचे ठिगळ हातात घेतले.

मी ओरडले असते. पण माझा हॉर्नसुद्धा तेव्हा बंद होता.

त्यानंतर मी खूप काम केले. गुरुलिंगचे वेल्डिंगचे सामान घेऊन गाळप हंगामात श्रीपूरच्या साखर कारखान्यावर जायचे, केमच्या स्टेशनवरून पाहुणे आणायचे. ज्या अंगाला ग्रॅमाग्रॅमाने हलके केले होते त्याच्यावर गॅसच्या टाक्या लादल्या गेल्या. लोक म्हणायचे, गाडी लई गुणाची हाय. कौतुक कुणाला नको असते?

जोतिराम गुरुलिंगच्याच दुकानात कामाला लागला होता. तो माझ्यात बसायचा तो मागे, टाक्यांशेजारी. इतक्या वर्षांत त्याने माझ्या स्टिअरिंगला हात लावला नाही. पण रोज सकाळी दुकान उघडले की तो माझे दार उघडायचा, गुडघे टेकायचा आणि ब्रेकचे पेडल हाताच्या पंजाने दाबून बघायचा. पेडल घट्ट लागायचे. लागणारच, गुरुलिंगचे काम होते ते. जोतिराम मान हलवायचा आणि उठायचा. ब्रेक चांगला आहे, म्हणजे पाय चुकला. रोज सकाळी माझ्याच ब्रेकची साक्ष काढून तो स्वतःला शिक्षा द्यायचा, आणि मी रोज खोटी साक्ष द्यायचे. यासारखे दुःख दुसरे नाही.

मी चालायची थांबले त्यालाही आता दहा वर्षे झाली. तरी पेडल दाबणे चुकले नाही. ब्रेकमधले तेल कमी झाले तर तो भरायचा. खंडेनवमीला मला धुऊन गंधफूल वाहायचा.

यंदा रस्ता रुंद होणार म्हणून दुकानांना नोटिसा आल्या. सोमवारी शेड पाडायचे ठरले. माझ्यासाठी भंगारवाला येऊन पत्रा ठोकून बघून गेला. झाले, असे मी म्हटले. आता ही गोष्ट माझ्याबरोबर भट्टीत जाणार.

त्याच आठवड्यात एका दुपारी एक मुलगी स्कूटीवरून आली. तंत्रनिकेतनात गाड्यांचा विषय शिकवणारी, तिशीची. आल्या आल्या तिने स्वतःची ओळख सांगितली. ती प्रियदर्शनी, प्रदीपची मुलगी, भीमाची नात. जोतिराम स्टुलावर बसला होता, तो उठून उभा राहिला आणि ती बसा बसा म्हणत असताना उभाच राहिला.

"मीच तो," तो म्हणाला. "गाडी चालवणारा."

"माहीत आहे, आजोबा. म्हणूनच इकडे यायला मला तीन वर्षं लागली."

मग तिने सांगितले. आजी मुक्ताबाई तीन वर्षांपूर्वी वारली. तिच्या पेटीत भीमाची वही निघाली. ती वही घेऊन प्रियदर्शनी सहा चाळण्यांचा माग काढत फिरत होती. दोघी कारखान्यातच चेपून टाकल्या होत्या. एक इंदूरकडे जळाली. एकीला मिरजेत कुणीतरी साधी टॅक्सी केले होते, तिचा पुढे पत्ता लागला नाही. एकीचे इंजिन केमजवळ विहिरीवर पाणी उपसत होते, बाकी अंग गेलेले. बहिणींची अशी बातमी मला पहिल्यांदाच कळत होती. सहावी मी. वहीतली भोके माझ्या अंगावर सापडली तर तंत्रनिकेतन मला ठेवून घ्यायला तयार होते, सोमवारच्या आत.

भोकांवर सगळीकडे ठिगळे होती. एखादे काढून बघावे लागेल, ती म्हणाली. गुरुलिंग हसला, ग्राइंडर घेऊन आला, दाराचे काढू का डिकीचे काढू, म्हणून विचारू लागला. प्रियदर्शनीने वही उघडली. माझ्या एकशे त्र्याऐंशी भोकांच्या नोंदी होत्या, आणि एकाच नोंदीपुढे भीमाने तीन शब्द जास्त लिहिले होते. ते तिने वाचून दाखवले. "ब्रेक ब्रॅकेट, भोके तीन. नको म्हणालो होतो."

ग्राइंडर गुरुलिंगच्या हातात तसाच राहिला.

"दुसरं कुठलं बी काढतो," तो म्हणाला. "ते नको."

जोतिराम त्याच्याकडे बघू लागला. गुरुलिंगने नजर चुकवली. मग तो माझ्या दारापाशी खाली बसला, वाकला, आणि कुणी न सांगता त्याने ग्राइंडर चालू केला. चारी बाजूंचा वेल्ड कापायला त्याला पाऊण तास लागला. म्हातारे हात, मध्येच थांबायचे. शेवटी पत्रा सुटून खाली पडला. तीन भोके होती, आणि तिन्हींना जोडत गेलेली भेग, गंजून काळी पडलेली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"मला दिसली हुती," गुरुलिंग म्हणाला. "त्या टायमाला मला काय कळलं न्हाय, जोतिराम. फुटलेलं दिसलं, झाकलं. मागनं तुझा कागद वाचला तवा कळलं. पर तवर माझ्याच हातानं झाकलं हुतं. सांगू सांगू म्हनत ऱ्हायलो."

जोतिरामने खाली बसून भेगेवरून बोट फिरवले. मग तो उठला आणि, मित्रांनो, तो माझ्यात पुढे बसला. पन्नास वर्षांनी. गुडघा वाकेना, तो दोन्ही हातांनी आत घेतला. स्टिअरिंग धरले. समोर दुकानाची भिंत होती, पण तो भिंतीकडे बघत नव्हता. त्याने सगळा जीव एकवटून ब्रेक दाबला.

ब्रॅकेट वाकले. पेडल तळाला टेकले.

त्याने पुन्हा दाबले. पुन्हा टेकले. तिसऱ्यांदा दाबले तेव्हा तो रडत होता.

"हेच," तो म्हणाला. "असंच लागलं हुतं पायाला. मी दाबला हुता, पोरी. मी दाबला हुता."

प्रियदर्शनी दुसऱ्या बाजूचे दार उघडून त्याच्या शेजारी बसली. तिने त्याचा हात धरला. आजीला हे कळायला हवे होते, एवढेच ती म्हणाली. मला वाटले होते, खरे बाहेर आले की हलके वाटेल. तसे वाटले नाही. मुक्ताबाई गेली होती, जोतिराम म्हातारा झाला होता, आणि गुरुलिंग दाराशी हातात पत्रा घेऊन उभा होता.

निघताना जोतिराम त्याच्यापाशी थांबला. "गुरु," तो म्हणाला, "रोज सकाळी तू मला बघत हुतास." आणि तो गेला. तेव्हापासून दोघे बोललेले नाहीत.

मी आता तंत्रनिकेतनाच्या शेडमध्ये असते. मला पुसतात, पाऊस लागू देत नाहीत. माझ्याजवळ सहा चाळण्यांचा इतिहास लिहिलेली पाटी आहे आणि तिच्यावर भीमाचे नाव पहिले आहे. गुरुलिंग एकदा आला होता. शेडच्या बाहेरूनच बघून गेला. मला त्याचा राग येतो आणि त्याची दयाही येते. माझे तोंड त्यानेच सरळ केले होते ना.

जुन्या वस्तू जपा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. गुरुलिंगने मला जपलेच होते. मी एवढेच सांगेन, मित्रांनो, की कुठे भेग दिसली तर झाकायच्या आधी कुणाला तरी हाक मारा आणि दाखवा. एखाद्याचा अख्खा जन्म तिच्यात अडकलेला असू शकतो.

परवा नवीन मुलांची तुकडी आली. एक हुशार मुलगी माझे पेडल दाबून म्हणाली, मॅडम, ब्रेक लागत नाही, दुरुस्त करू का? प्रियदर्शनीने नको म्हटले. तो तसाच ठेवायचा, असे जोतिरामने सांगितले आहे.