ढेकर गोळा करणारी म्होरकी

मित्रांनो, मी वाखाची एक म्होरकी आहे, आता बरीच जुनी. गाईच्या तोंडाभोवती बांधतात ती दोरी म्हणजे म्होरकी. पण माझं काम जरा वेगळं. मी गाईचे ढेकर गोळा करते. हसू नका. चारा पचताना गाईच्या पोटात मिथेन नावाचा वायू तयार होतो. ढेकरांबरोबर तो बाहेर पडतो आणि हवा तापवतो. कोणता चारा दिला तर तो कमी होईल, हे शोधायला शर्मिलाताई पोलादपूरच्या वरच्या वाडीत आल्या होत्या.

त्यांनी आणलेल्या म्होरक्या मोठ्या जनावरांच्या मापाच्या होत्या. आमच्या डोंगरातल्या बुटक्या गाईंच्या त्या थेट गळ्यात उतरत. तेव्हा वाडीतल्या केरूबाबांनी घायपाताच्या पानांतून वाखाचे धागे काढले, मांडीवर वळले आणि मला व माझ्या पाच बहिणींना घडवलं. नाकपुडीजवळ बारीक नळी, मानेवर डबा. दिवसभराचा श्वास त्यात थोडा थोडा जमे. "केरूनं गाईंना दागिने केले," असं वाडी म्हणायची.

गाईंना फक्त मोजलेला चारा द्यायचा, असं ठरलं होतं. पाच गाईंचे मिथेनचे आकडे उतरले. मी जिच्या तोंडावर होते, त्या केरूबाबांच्या चांदी गाईचा मात्र उतरेना. बाराव्या दिवशी ताईंनी मला हातात घेतलं. "बाबा, हिचं मोजमाप चुकतंय. टाकून देऊ."

केरूबाबा खाली बघत राहिले. चुलीपासून त्यांची बायको धोंडूबाई कडाडल्या, "अवो, बोला की आता! त्या दोरीनं तुमचं काय वाकडं केलंय?"

"ताई, म्होरकीचा दोष नाय," बाबा म्हणाले. "माजा हाय. तव्यावरची पयली भाकरी आमच्याकडं चांदीची. ती मी बंद केलीच नाय."

"रोज देत होतात?"

"ती चाऱ्यात धरतात व्हय? ती घराची."

आता बारा दिवसांची मेहनत बुडाली आणि चांदीलाही प्रयोगातून काढून टाकणार, असं बाबांना वाटलं. ताईंनी वहीचं नवं पान उघडलं. मग म्हणाल्या, "उद्यापासून पुन्हा पहिला दिवस. भाकरी आधी काट्यावर ठेवायची, तेवढा चारा कमी घालायचा. आणि सहाही गाईंना एकेक."

"म्हंजे माजं पीठ संपलंच!" धोंडूबाई म्हणाल्या, तेव्हा कुठे बाबा हसले. त्या खेपेला चांदीचा आकडाही उतरला.

गेल्या फाल्गुनात केरूबाबा गेले. त्यांची मुलगी रंजिता बिरवाडीत खोली घेऊन राहते, कारखान्यात काम करते. सुट्टीला ती वर येते आणि डबे बदलते. माझा एक पदर झिजला, तेव्हा ताईंनी नवी म्होरकी पुढे केली. रंजिताने ती बाजूला ठेवली आणि मला मांडीवर घेतलं. बाबा डावखुरे होते, त्यांचा पीळ उलटा. तिच्या हातांना तो जमेना. दोनदा उसवून तिने तो बाबांसारखा उलटाच घातला.

मित्रांनो, माझ्यासाठी एका माणसाने आपली चूक सगळ्यांसमोर सांगितली. म्हणून मी आज कामावर आहे. तुमच्याजवळची एखादी वस्तू बिघडली असं वाटलं, तर टाकण्याआधी थोडं थांबा. दोष तिचाच आहे का, ते नीट बघा. नसेल, तर तसं सांगा. तिला ते सांगता येत नाही.