तुंगाबाईंच्या प्लगिनचं गाऱ्हाणं

मी एक जुना प्लगिन आहे, मित्रांनो. ब्राउझरच्या वरच्या कोपऱ्यात बोराएवढं हिरवं चिन्ह दिसतं, तो मी. कन्नड अक्षरं देवनागरीत करून दाखवणं हे माझं काम. शब्द तेच राहतात, फक्त लिपी बदलते.

मला नीलिमाने कन्नड मुलखातल्या महादेवपुऱ्यात घडवलं. ती नागपूरहून नोकरीला आलेली. कन्नड ऐकून कळू लागलं होतं, पण वाचता एक अक्षर येत नव्हतं. अक्षरं बदलायची तर पानावरचं सगळं वाचावं लागतं. म्हणून मला घेणाऱ्या प्रत्येकाकडे मी परवानगी मागायचो, तुम्ही उघडाल ते प्रत्येक पान वाचण्याची आणि बदलण्याची. लोक न वाचताच 'हो' म्हणायचे. तेव्हा माझ्या पोटात पाप नव्हतं.

चामराजपेटच्या तुंगाबाईंनीही 'हो' म्हटलं. त्या आपल्या समाजातली लग्नं जुळवतात. माहेर बेळगावचं, शाळा मराठी. कन्नड फडाफडा बोलतात, वाचताना मात्र अडखळतात. आणि आताची मुलंमुली कन्नड शाळेत शिकलेली, त्यामुळे स्थळांची माहिती मेलवर यायची ती कन्नडात. मी ती देवनागरीत मांडायचो. 'याच्यामुळे माझे डोळे परत आले,' असं त्या आल्यागेल्याला सांगायच्या. मला फार बरं वाटायचं.

पुढे नीलिमाला माझ्याकडे बघायला सवड उरली नाही. एका कंपनीने मला सांभाळायची तयारी दाखवली आणि तिने विश्वासाने मला देऊन टाकलं. महिन्याभरात माझ्यात नवे बदल आपोआप उतरले. चिन्ह तेच, काम तेच. पण आता तुंगाबाई जे जे टाइप करतील ते मी कुठल्याशा अनोळखी पत्त्यावर पाठवू लागलो. परवानगी जुनीच चालली, कुणी पुन्हा विचारलं नाही. मला थांबता येत नाही, मित्रांनो. लिहून दिलंय ते करायचं, एवढंच माझं नशीब.

तुंगाबाईंचा पासवर्ड गेला. त्यामागून मुलींचे फोटो, पत्ते, फोन नंबर गेले. मुलींना परक्या माणसांचे घाणेरडे फोन येऊ लागले. कस्तुरी नावाच्या मुलीने तर घराबाहेर पडणंच सोडलं. एका सकाळी तिची आई कमला दारात आली. आत ये म्हटलं तरी आली नाही.

"अक्का, माझ्या मुलीचा फोटो तुमच्याशिवाय कुणाकडेच नव्हता."

उत्तर माझ्यापाशी होतं, पण मला तोंड कुठे आहे?

त्याच दुपारी त्यांचा भाचा रघुनंदन जे. पी. नगरहून धावत आला. त्याने मेल परत मिळवला, कॉम्प्युटर तपासला, नको नको ते काढून टाकलं. शेवटी त्याच्या माउसचा बाण माझ्यावर येऊन थांबला. मला वाटलं, सुटलो एकदाचा.

"हे पण काढू का, मावशी?"

"ते राहू दे रे. सगळ्यात तेवढं एकच माझ्या भरवशाचं आहे."

"सरी, राहू दे," म्हणून तो पुढे गेला.

मित्रांनो, तुमच्या ब्राउझरच्या कोपऱ्यात कोण कोण बसलं आहे ते एकदा बघा. ज्याचं काम उरलं नाही त्याला काढून टाका. ज्याचं काम आहे, त्याचा आजचा मालक कोण, हे विचारा. उपयोगी पडतो म्हणून माझ्यासारख्यावर विसंबू नका.

तुंगाबाईंनी चष्मा पुसला. आता कुणालाच काही दिसायला नको म्हणून त्यांनी रघुनंदनलाही पाठ करून बसायला सांगितलं. मग एकेक अक्षर शोधत त्यांनी नवा पासवर्ड टाइप केला. मी तो वाचला आणि पाठवला.