सव्वीस टक्क्यांचे भागीदार

हेमानं नव्या विमा कंपनीत नोकरी धरली, तेव्हा तिचे वडील हरिहर कित्येक दिवस तिच्याशी धड बोलले नाहीत. सरकारी विमा कंपनीत त्यांची हयात गेली होती. विमा खासगी कंपन्यांना खुला होणार म्हटल्यावर रत्नागिरीत निघालेल्या मोर्चात ते पुढे होते. आणि आता पोटची पोर अशा कंपनीत, जिच्यात सव्वीस टक्के भांडवल परदेशातलं!

"कमावतील इथं आणि नेतील तिकडं," एवढंच ते म्हणाले.

२००१ च्या हिवाळ्यात परदेशी भागीदाराचा माणूस, यान, रत्नागिरीत शाखा उघडावी का हे बघायला आला. हेमानं त्याला घरी जेवायला आणलं. सोलकढीचा पेला पुढं सरकवत हरिहरांनी इंग्रजीत सरळच विचारलं, "तुमचा पैसा तुमच्याकडेच का लावत नाही? इथं काय ठेवलंय?"

यान म्हणाला, "आमच्याकडे ज्याला विमा हवा त्यानं तो केव्हाच घेतलाय. तुमच्याकडे तरुण माणसं जास्त, बचतीची सवय जुनी आणि विमा फार थोड्यांकडे. शिवाय आता कायदा झालाय, देखरेख करणारं मंडळ बसलंय. नियम ठरलेले असले की बाहेरचा माणूस पैसा घालायला धजतो."

"आणि सव्वीसच टक्के?"

"कायद्यानं जास्त घेऊ दिले असते तर घेतले असते," यान हसला. "पण इथल्या भागीदाराशिवाय आम्हाला रस्ताही सापडला नसता."

हरिहरांना ते पटलं नाही, पण त्यातला खरेपणा आवडला. "उद्या पूर्णगडच्या कोळीवाड्यात जाताय ना? मीही येतो," ते म्हणाले.

पूर्णगडात त्यांच्या ओळखीच्या भिकाजीच्या अंगणात कोळी मंडळी जमली. आजवर विमा का घेतला नाही, असं हेमानं विचारलं.

"नको कोण म्हणालाय?" भिकाजी जाळं सांधत म्हणाला. "सांगायला कोण आलाच नाय."

त्याची सून मथुरा मात्र यानकडं बोट दाखवत पुढं झाली. "बाय, हा साहेब उद्या आपल्या देशात निघून गेला तर आमच्या पैशाचा काय?"

"पॉलिसीचा पैसा देशाबाहेर गुंतवता येत नाही, वहिनी. कायदाच आहे तसा," हेमा म्हणाली.

मथुरेनं हरिहरांकडं पाहिलं. "भाऊ, खरा हाय हा?"

हेमाही बाबांकडं वळली. त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली असती, तरी सगळं तिथंच संपलं असतं.

"खरं आहे," हरिहर म्हणाले. "विरोध करायचा म्हणून तो कायदा मी ओळ न ओळ वाचलाय. कंपनी मला आवडत नाही. पण पोरगी सांगते ते खरं आहे."

पावसाळ्याआधी शाखा उघडली. मथुरेनं एजंटची परीक्षा द्यायचं ठरवलं. तिची तयारी करून घ्यायला हरिहर रविवारच्या रविवारी पूर्णगडच्या एसटीत बसत आणि वाटभर कंपनीला नावं ठेवत. शेजारच्या सीटवर हेमा निमूट ऐकून घेई, खिडकीकडं तोंड करून हसू दाबत.