सगळं एका टाकीत

आमच्या सुनेनं, नूतननं, जळगावात दवाखाना काढला तेव्हा पाटीवर काय लिहायचं यावरून घरात आठ दिवस चर्चा चालली. ती एमडी डॉक्टर. तिच्या जोडीला एक शिकलेल्या वैद्यबाई आणि एक योगशिक्षक बसणार होते, म्हणून तिनं ठरवलं, 'एकात्मिक उपचार केंद्र'. आमच्या ह्यांना, म्हणजे शालिग्राम नानांना, तो शब्द इतका आवडला की अर्थ विचारायच्या आधीच ते गावभर सांगून आले.

"एकात्मिक म्हंजे सगया पद्धतीचं औषध संगंच घेनं. मी पाच वर्सांपासून तेच करून राह्यलो. डॉक्टर लोकांले आता सुचलं."

हसू नका. ते खरंच तसं करत होते.

नानांना साखरेचा आजार. भुसावळचे डॉक्टर तेजसराव आमचे भाचेजावई, त्यांची गोळी चालू. वरणगावचे पंडित वैद्य शाळेपासूनचे दोस्त, त्यांचं चूर्ण चालू. साक्रीकडची बेबाबाई महिन्यातून एकदा झाडपाला विकायला जळगावात येते, तिला ह्यांनी बहीण मानलंय, दर भाऊबीजेला लुगडं घेतात. तिचा काढाही चालू. आणि तिघांपैकी एकालाही दुसऱ्या दोघांचा पत्ता नाही. जावयाला वैद्याचं सांगावं तर जावई रुसणार, वैद्याला बेबाबाईचं सांगावं तर दोस्ती तुटणार. आमच्याकडे माणूस आजारापेक्षा नातेवाइकाच्या रुसव्याला जास्त भितो. रक्ताचा रिपोर्ट चांगला आला की नाना त्याच्या तीन झेरॉक्स काढायचे आणि तिघांकडे जाऊन सांगायचे, "तुमच्याच औषधाचा गुन."

आमच्या केळीच्या बागेच्या बाबतीत मात्र हाच माणूस भलता काटेकोर. बागेला कोणतं खत दिलं, किती दिलं, कोणत्या तारखेला दिलं, सगळं वहीत. मी कितीदा म्हटलं, तशीच एक वही स्वतःची करा, ही लपवालपवी एक दिवस अंगाशी येईल. पण बायकोचं ऐकलं तर ते नाना कसले. मग माझ्या हातात होतं तेवढं मी केलं. त्यांची भाकरी वेगळी, भाजी वेगळी. दिवाळीपासून तर त्यांचं सकाळचं ताकही मीच घुसळायची, त्या तांब्याला दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही.

त्या हिवाळ्यात त्यांना चक्कर यायला लागली. दोनदा बागेत बसकण मारली, एकदा मोटारसायकलसकट बांधावर आडवे झाले. मला म्हणाले, "ऊन लागलं." डिसेंबर महिना होता, मी अंगावर स्वेटर घालून हे ऐकत होते. मला खरंच भीती वाटायला लागली. ते शेतातून यायला जरा उशीर झाला की माझं कशात लक्ष लागायचं नाही. नूतन म्हणाली, नाना, मी तपासते. तर म्हणाले, "नको व माय, तेजसरावले वाईट वाटीन."

दवाखान्याचं उद्घाटन फेब्रुवारीत ठरलं. नूतननं सगळ्या नातेवाइकांना बोलावलं आणि नानांच्या तोंडचं पाणी पळालं. तेजसराव, पंडित वैद्य आणि बेबाबाई, तिघं एकाच मांडवात.

पूजा होईपर्यंत खायचं नाही, म्हणून नानांनी घरून नुसतं ताक घेतलं होतं. घाईत औषध एकही घेतलेलं नव्हतं. दारातच तेजसरावांनी विचारलं, "मामा, सकाळची गोळी घेतली ना?"

"घेतली तं," नाना म्हणाले. आता नानांना खोटं बोलायला आवडत नाही. म्हणून मांडवामागे जाऊन त्यांनी पिशवीतली गोळी घेतली आणि बोललेलं खरं केलं. परत येतात तर पंडित वैद्य उभे. "शालिग्राम, चूर्ण घेतलं का?" पुन्हा मांडवामागे. मग बेबाबाई. तिला तर त्यांनी काढा दोन वेळचा घेतला म्हणून सांगितलं, आणि तेवढा घेऊनही आले.

पूजा झाली, सत्कार झाले. नानांना दोन शब्द बोलायला उभं केलं. "एकात्मिक म्हंजे," त्यांनी सुरुवात केली, आणि घामानं चिंब झाले. मग माईकच्या दांड्याला धरून हळूहळू खाली बसले.

तिघंही धावले. तेजसराव नाडी बघायला लागले, पंडित वैद्य दुसरी नाडी बघायला लागले, बेबाबाई तळपाय चोळायला लागली. नूतननं सगळ्यांना बाजूला सारून बोटाला सुई टोचली. साखर अठ्ठेचाळीस, सत्तरच्या खाली जायला नको ती. तिनं ग्लासभर साखरेचं पाणी पाजलं आणि त्यांना आत नेऊन खाटेवर टेकवलं. मी पदरानं त्यांचा घाम पुसत होते.

दहा-पंधरा मिनिटांनी नानांच्या चेहऱ्यावर रंग आला. मग नूतननं सत्काराचे पेढे पुढे केले. पाच वर्षं पेढ्याकडे नुसतं बघणाऱ्या माणसानं दोन खाल्ले आणि तिसऱ्याकडे हात नेला.

"नाना, आज काय काय घेतलं?" नूतननं विचारलं.

नाना छताकडे बघायला लागले. मी त्यांची पिशवी टेबलावर उलटी केली. गोळ्यांचं पाकीट, चूर्णाची पुडी, काढ्याची बाटली. तिघांनी आपापली वस्तू ओळखली आणि मग दुसऱ्यांच्या बघितल्या.

"तरीच मला वाटायचं, माझ्या गोळीला इतका गुण कसा," तेजसराव म्हणाले.

पंडित वैद्य चष्मा पुसत बसले. बेबाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "भाऊ, बठ्ठं, तिन्ही औषध, एकच पोटमा टाकं तू? दुस्मन शे का मी तुनी?"

नूतननं खुर्ची ओढली. "नाना, ठिबकच्या टाकीत कॅल्शियम नायट्रेट आणि फॉस्फरिक ॲसिड संगंच टाकलं तर?"

नाना ताडकन उठून बसले. "येडा आहे का मी? गाठी होतात, सगयी नयी चोक होते. दोघांत अंतर लागते. न् वहीत लिव्हा लागते, कोनतं कधी सोडलं ते."

बोलून झाल्यावर त्यांची नजर टेबलावरच्या पाकीट, पुडी न् बाटलीकडे गेली.

"माझ्या पाटीचा अर्थ तेवढाच आहे," नूतन म्हणाली. "जे तपासून उपयोगाचं ठरलं ते घ्यायचं, मग ते कुणाचंही असो. पण देणाऱ्यांनी एकमेकांशी बोलायचं, आणि घेणाऱ्यानं काही लपवायचं नाही." तिनं कोरा कागद घेतला. गोळी लिहिली, चूर्ण लिहिलं, काढा लिहिला. "अजून काही?"

"बस. एवढंच," नाना म्हणाले.

मी पदर चाचपत उभी होते. पाच वर्षं ज्या गोष्टीवरून मी ह्यांना बोल बोल बोलले, तीच मी स्वतः करून बसले होते.

"लिही," मी म्हटलं. "मेथी न् जांभळाच्या बियांची पूड. रोज ताकात, दोन मोठे चमचे."

नाना माझ्याकडे बघतच राहिले. "मले सांगाले काय झालतं?"

"तुमाले वाईट वाटलं असतं."

तेजसराव हसले, पण मला रडू आलं. नूतननं मान वर केली नाही. "केव्हापासून, आई?"

"दिवाळीपासून."

"आणि नाना, चक्कर केव्हापासून येते?"

मला उत्तर माहीत होतं. नानांनी तिसरा पेढा उचलला, त्याचे दोन तुकडे केले आणि मोठा माझ्या हातावर ठेवला.

"ते काई नाई," ते नूतनला म्हणाले. "ते ऊन लागलं व्हतं."