गुरुवारचा चौकोन

…पेनाचं टोक काचेवर टेकलं की टक् असा बारीक आवाज होतो, आणि शाई मात्र कुठेच नसते. रामेश्वरने पुन्हा टेकवलं. टक्. 'मोटारीचं वायंडिंग' – त्यामागच्या चौकोनात बरोबरची खूण उमटली. खालचा चौकोन, 'गॅसचा नंबर लावणे' – तेही झालं. त्याच्या खालचा रिकामा होता, आणि त्यापुढे त्याच्याच अक्षरात, एकतीस वर्षं हायस्कुलाच्या कारकुनीत घोटलेल्या अक्षरात लिहिलेलं होतं – 'आक्का – सही'.

रिटायर झालेल्या माणसाने दिवसभर करायचं काय, हा प्रश्न त्याच्याआधी त्याच्या लेकीलाच पडला. ऋतुजाने पुण्याहून आपला जुना टॅब चौसाळ्याला पाठवला, त्यात वर्षभराच्या कामांची वही घालून दिली आणि फोनवर तासभर शिकवलं – महिन्यावर टेकवलं की महिना उघडतो, तारखेवर टेकवलं की तारखेचं पान… आणि अप्पा, काम राहिलं तर पुन्हा लिहीत बसायचं नाही, भोवती गोल काढायचा, उचलायचं आणि उद्याच्या पानावर सोडायचं. बाकीचं विसरायला झालं, हे मात्र त्याला एका फटक्यात जमलं. शेळीच्या गळ्यात दावं टाकावं तसा गोल टाकायचा. अक्षरांभोवती तुटक रेघ फिरायला लागते, मग न्या कुठेही. हजेरीपत्रकात एक आकडा चुकला तर लाल शाईने गोल करून शेजारी सही मारावी लागे, का चुकला ते हेडमास्तरांना सांगावं लागे. इथे सोमवारची आक्का मंगळवारी, मंगळवारची बुधवारी, आणि सोमवारचं पान बघावं तर जसं काही घडलंच नव्हतं. तीन आठवडे असे गेले.

तसं काम ते केवढं! आईच्या मागे साडेचार एकराला तीन नावं लागली – त्याचं, धाकट्या सिदूचं आणि थोरल्या आक्काचं. हक्कसोड पत्र टाइप करून कपाटात पडलंय. एक दिवस आक्काला बीडला न्यायचं, निबंधकासमोर तिची सही घ्यायची, की मिटलं. सिदू रोज फोन करतो. तू म्हणलास तर आक्का न्हाई म्हणायची न्हाई, हे त्याचं पालुपद… अरे बाबा, तेच तर! न्हाई म्हणणार नाही, म्हणूनच तर माझी जीभ उचलत नाही. तिनं भांडावं, वकील आणावा, चार माणसांत मला वाट्टेल ते बोलावं, मग मीही बघून घेतलं असतं. पण चौथीत तिची शाळा सुटली ती शेळ्यांमागे जायला, आणि त्यामुळे माझी सुटली नाही, हे मला माहीत आहे. तिलाही माहीत असणार. आम्ही कधी त्यावर बोललो नाही.

अकराच्या सुमारास दारात चपला वाजल्या, आणि आक्काच आत आली. गुडघा दाखवायला आली होती डॉक्टरकडे, जाताजाता टेकले म्हणाली. बायको चहा टाकायला आत गेली. आक्का खुर्चीवर न बसता सवयीने खालीच बसली, तसा तोही खाली बसला, आणि मांडीवरचा टॅब बघून तिने विचारलं की हे काय नवीन. बोलायला विषय मिळाला म्हणून त्याला इतकं हायसं वाटलं की तो भराभर सांगत सुटला – ही कामांची वही, हे आजचं पान, काम झालं की या चौकोनात अशी खूण करायची… तिसऱ्या ओळीचं त्याला भानच राहिलं नाही. आक्काचं बोट अक्षरांखालून सावकाश सरकत होतं, ओठ हलत होते. मोटार झाली. गॅस झाला. मग बोट थांबलं.

"ही आक्का म्हंजी मीच का?"

तो काहीतरी पुटपुटला. तिने मान वर केली नाही.

"सिदू सांगून गेला समदं परवा. म्या तुझीच वाट बघत व्हते, रामा. तू कावून न्हाई आलास इचारायला?"

तिने त्याच्या हातातलं पेन घेतलं. बचत गटाची पोरगी बी काचेवरच सही घेती, असं म्हणत ती ओणवी झाली आणि गुरुवारच्या पानावर, मोकळी जागा दिसली तिथे, जोर देऊन लिहायला लागली. म… न… सगळं नाव लिहून होईपर्यंत आतला चहा उकळून खाली बसला. मग तिनेच त्या रिकाम्या चौकोनात खूण केली आणि पेन परत दिलं.

आक्का, याला काही अर्थ नाही, हे माझं घरचं पान आहे – एवढं एक वाक्य. एकतीस वर्षं कुठला कागद चालतो आणि कुठला चालत नाही हे लोकांना सांगण्यात गेली, आणि आज ते वाक्य तोंडातून निघेना. चहा आला. तिने बशीत ओतून प्यायला, बायकोच्या हाताच्या चहाचं कौतुक केलं. तो तिला सोडायला रस्त्यापर्यंत गेला, जीप थांबली, आणि पाय आत घेता घेता ती म्हणाली,

"वावर तुमचंच हाय. पंचमीला तेवढं न्यायला येत जा. आई व्हती तवा यायचास तसं."

आई गेल्यापासून दोन नागपंचम्या गेल्या. मुराळी होऊन कोणी गेलं नव्हतं – मी नाही, सिदू नाही. तिने दोन वर्षांत एका शब्दाने विचारलं नव्हतं.

घरी येऊन त्याने टॅब उघडला. गुरुवारची तिन्ही कामं झालेली दिसत होती. त्याला लाज वाटली, चांगलीच लाज वाटली. सवयीने त्याने सहीभोवती गोल काढला. 'मनकर्णा'भोवती तुटक रेघ फिरायला लागली. उद्यावर न्यायचं? खोडायचं? खोडलं तर तिच्या गावी जाऊन सांगावं लागेल, की आक्का, तुझी सही लागली नाही. मग ती विचारेल, पुन्हा कुठं करू. ती नक्की तेवढंच विचारेल… आणि मी?

फोन वाजायला लागला. सिदू. त्याने तो वाजू दिला. गोल सोडून दिला, रबर घेतलं आणि आधी तिने केलेली खूण पुसली. मग त्याच्या अक्षरातला 'सही' हा शब्द पुसला. 'आक्का –' एवढंच राहिलं, त्याखाली तिने लिहिलेलं तिचं नाव. काम राहिलेलं होतं, हे त्याला आता पक्कं कळत होतं. पण त्या रेघेपुढे काय लिहायचं ते सुचेना, आणि पेन काचेपासून बोटभर वर धरून तो तसाच बसून राहिला.