मूठभर ओट्स

मार्लीनने हार्वेस्टर शेताच्या कडेला उभा केला आणि शिडीचा कठडा धरून उलट्या पावलांनी खाली उतरली. शेवटच्या पायरीवर गुडघा कचकन वाजला. केसांत, कानांत, मानेवर, सगळीकडे गव्हाचा भुसा. सकाळपासून चौथ्यांदा उतरत होती ती. धान्याच्या ट्रकमध्ये बसलेल्या स्टॅनने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"आता काय तुटलं?"

"काही तुटलेलं नाही. घोडीची वेळ झाली."

"अगं, पश्चिमेला बघ जरा. आभाळ भरून आलंय."

"दिसतंय मला. गुडघे गेलेत माझे, डोळे शाबूत आहेत."

स्टॅनने डोकं आत घेतलं. त्याचा खुबा वसंतातच बदलला होता, शिडी चढायला डॉक्टरने साफ मनाई केली होती. त्यामुळे यंदाची कापणी मार्लीनच्या गळ्यात पडली होती. बायकोला काही बोलायची त्याची टाप नव्हती. तरी पिकअपचं दार लावता लावता तिला त्याचं पुटपुटणं ऐकू आलंच.

"दुसऱ्याची घोडी, आणि भिजणार आपला गहू."

खोटं नव्हतं ते. सबंध उन्हाळा कोरडा ठणठणीत गेला, आणि आता पीक उभं असताना मेल्या पावसाला आठवण झाली होती. मार्लीनने गाडी घराकडे वळवली. इतकी दमली होती की वळण आलं कधी आणि गेलं कधी, तिला कळलंही नाही.

गोठ्यात टिली होती तिथेच उभी होती. एके काळची चांदीसारखी घोडी, आता नुसता सांगाडा. अंगावर जाड घोंगडं घातलं होतं, तरी फासळ्या मोजता येत होत्या. उन्हाची वेळ असूनही ती मधूनच कापायची. अंगावर मांस नसलं की थंडी आत शिरते, असं जनावरांची डॉक्टर कॉलीन म्हणाली होती. मार्लीनने लसूणघासाच्या गठ्ठ्यातून ओंजळभर गवत सोडवलं आणि तिच्यापुढच्या फळीवर ठेवलं.

डोळ्याचं पातं लवतंय तोवर ते संपलं. टिलीने रिकामी फळी चाटली, मग मार्लीनच्या खिशात नाक खुपसलं, मग तिच्याकडे बघत राहिली. ते बघणं मार्लीनला सोसवेना.

"नाही गं बाई. चार तासांनी."

कॉलीनने बजावून सांगितलं होतं. भुकेने मरायला टेकलेल्या जनावराला पोटभर घातलंस तर तूच मारशील त्याला. इतके दिवस शरीर स्वतःलाच खात आलंय, एकदम अन्न पडलं की काळीज बंद पडतं. थोडा लसूणघास, पुन्हा चार तासांनी थोडा. ओट्स तर विषच समज. पहिला आठवडा निघाला तर वाचेल. बाहेर दोन कोठारं धान्याने भरायची आणि इथे ओंजळभर गवत मोजून द्यायचं, हे मार्लीनला सगळ्यांत जड जात होतं. अजून आठवडा पुरा व्हायचा होता.

घोडी नेल्स लिंडालची. नेल्स शेजारी, म्हणजे दोन मैलांवरचा. त्याची बायको आयरिन गेल्या साली बर्फ पडायच्या सुमाराला गेली. आसपासच्या बायकांनी महिनाभर त्याच्या घरी भरली भांडी पोचवली. नेल्सने ती घासून, पुसून, ज्याची त्याला परत केली. त्यानंतर त्याच्या आवारात कुणी पाऊल टाकलं नाही. न बोलावता कुणाच्या दारात जायचं नाही, ज्याचं दुःख त्याला करू द्यायचं, ही इथली रीत. रस्त्याने जाताना नेल्स त्याच्या टपालपेटीपाशी उभा दिसायचा, हात वर करायचा, आणि जाणारा स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचा. इकडे एवढंच करतात. दोन बोटं उचलली तर माणूस चक्रम ठरतो. बोटाला हात मिळाला की समजायचं, चाललंय बरं त्याचं.

मार्लीननेही रोज बोट उचललं होतं. मग पाच दिवसांपूर्वी ती हार्वेस्टर घेऊन रस्त्याने गेली. हार्वेस्टरची बैठक माडीइतकी उंच. पिकअपमधून नेल्सच्या पॉप्लरच्या झाडांच्या रांगेपलीकडचं कधी दिसत नसे, ते वरून दिसलं. मातीपर्यंत खरडून निघालेलं कुरण, आणि त्यात ही टिली, कुंपणाची लाकडं कुरतडत उभी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती जनावरं न्यायची गाडी जोडून थेट त्याच्या आवारात घुसली होती. तोंडाला येईल ते बोलली. लाज नाही वाटली का, मुकं जनावर, आयरिन असती तर काय म्हणाली असती. डोक्यावर ऊन असताना म्हातारा गुडघ्यापर्यंतचा हिवाळी कोट घालून उभा होता. त्याने स्वतःच फाटक उघडलं, घोडीच्या मानेवरून हात फिरवला आणि म्हणाला, "घेऊन जा, पोरी." मार्लीनला वाटलं होतं, म्हातारा कोडगा झालाय.

आज टिलीला तेवढं गवत टाकून ती परत शेतावर गेली. शेताला दोन फेरे झाले आणि दाणे वर नेणाऱ्या साखळीचं बेअरिंग तापून धुरायला लागलं. ते बदलायला घरामागच्या शेडमधून नवं आणायला हवं होतं. स्टॅनने कपाळावर हात मारला. मार्लीन पिकअपमध्ये बसली. रडायचंसुद्धा त्राण नव्हतं.

शेडकडे जाताना गोठ्याचं दार उघडं दिसलं. आपण लावलं होतं, हे तिला पक्कं आठवत होतं.

आत नेल्स उभा होता. तोच कोट. शेतं तुडवत चालत आला होता, बुटांना गव्हाची धसकटं चिकटलेली. त्याने उघडा तळहात पुढे केला होता, त्यावर ओट्स होते, आणि टिलीने मान ताणून ओठ लांबवले होते.

"नेल्स!"

मार्लीन धावली. गुडघा होता की नव्हता, तिला आठवलंही नाही. तिने त्याच्या हातावर फटका मारला. ओट्स उधळून पेंढ्यात पडले. घोडी दचकून मागे सरली.

"मारायचंय का तिला? उपाशी मारून भागलं नाही, आता चारून मारताय?"

"तिला आवडतात गं ते," नेल्स म्हणाला.

"आवडतात ते मला माहीत आहे! विष आहे ते तिला सध्या. पोट रिकामं राहून राहून तिचं काळीज दुबळं झालंय. खाल्ले का तिने? खरं सांगा, किती खाल्ले?"

"नाही. आत्ताच हात पुढे केला होता."

मार्लीनने घोडीचा जबडा उघडून बघितला. जिभेवर काही नव्हतं. तिने टिलीच्या मानेला कपाळ टेकवलं आणि दम घेतला. मग झाडू शोधायला वळली, तर नेल्स पेंढ्यात गुडघे टेकून बसलेला. एकेक दाणा वेचत होता.

"राहू द्या. झाडते मी."

तो वेचतच राहिला. चार दाणे जमले, त्याने फुंकर मारून त्यांच्यावरचा कचरा उडवला, आणि तोंडात टाकले. सावकाश चावले. पुन्हा वेचायला लागला. आपण काय करतोय याकडे त्याचं लक्षच नव्हतं. रोजचंच काम असल्यासारखा चालला होता.

मार्लीन झाडू हातात धरून उभी राहिली.

वाकल्यामुळे कोट पुढून उघडा पडला होता. आत कमरेचा पट्टा दिसत होता. पट्ट्याला खिळ्याने पाडलेली नवी भोकं, एकापुढे एक, आणि उरलेलं टोक खाली लोंबत होतं. बाहीतून आलेलं मनगट तिच्या मुठीत सहज मावलं असतं. तिने टिलीच्या अंगावरचं घोंगडं बघितलं. मग तो कोट बघितला.

"नेल्स," ती म्हणाली. "हे ओट्स कुठले?"

"तिच्याच पिंपातले. तळ खरवडला आज." त्याने अजून एक दाणा शोधला. "दोघं त्यातलंच खायचो आम्ही. शेवटचेच होते, म्हटलं तिला द्यावेत."

"आणि शहरात जाऊन काही आणायचं…"

"परवाना गेला ना गाडीचा. डोळ्यांमुळे. बर्फ वितळलं तेव्हाच."

"अहो, मग सांगायचं नाही का कुणाला?"

"कुणाला सांगू? पेरणी, मग गवत, मग कापणी. तुमची सगळ्यांचीच घाई." तो तिच्याकडे बघून कसनुसा हसला. "दिसायचात की रोज. तू तर न चुकता बोट उचलायचीस."

मार्लीन फाटकाशी त्याला काय काय बोलली होती ते सगळं, शब्दन् शब्द, तिच्या तोंडात परत आलं. तिने झाडू भिंतीला टेकवला.

शेतातून स्टॅनने ट्रकचा भोंगा वाजवला. एकदा, मग लांबलचक. ती जागची हलली नाही. मग तिने नेल्सच्या काखेत हात घालून त्याला उभं केलं. वजन असं नव्हतंच.

"चला घरात."

"नको, तुझी कापणी—"

"चला म्हणते ना!"

स्वयंपाकघरात ओव्हनमध्ये मांस शिजत होतं, बटाटे कुसकरून झाकून ठेवलेले, चुलीवर कोंबडीच्या सुपाचं पातेलं. संध्याकाळी शेतावर न्यायचं जेवण. वास घरभर पसरला होता. नेल्स खुर्चीत टेकला, कोट काढला नाही. मार्लीनने मोठी ताटली घेतली. बटाटे घातले, त्यावर लोणी, मांसाचे तीन तुकडे, वरून घट्ट रस. अजून एक तुकडा घ्यायला हात गेला आणि तिथेच थांबला.

तिने ताटलीकडे बघितलं. मग भरलेली ताटली तशीच ओट्यावर मागे सारून ठेवली आणि फोन उचलला. दवाखान्यातल्या नर्सला सगळं सांगितलं. नर्सने सांगितलं ते ऐकताना ती मान हलवत होती. त्यातलं बरंचसं तिने कॉलीनकडून ऐकलेलं होतं. संध्याकाळी नर्स स्वतः येऊन तपासणार होती, तोवर थोडंथोडंच.

मार्लीनने वाटी काढली, त्यात अर्धी पळी सूप घातलं आणि नेल्सपुढे ठेवलं.

त्याने ते चमच्याने प्यायचा प्रयत्न केला, मग वाटी दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावली. संपल्यावर वाटीच्या कडेवरून बोट फिरवून चाटलं. मग चुलीवरच्या पातेल्याकडे बघितलं, ओट्यावरच्या ताटलीकडे बघितलं, आणि शेवटी मार्लीनकडे. ते बघणं तिच्या ओळखीचं होतं.

"एवढंच?"

"आता एवढंच. मग पुन्हा." तिने डोळे पुसले, भुसा गेला म्हणून पुसावेत तसे. "ते ताट मी तुम्हालाच वाढणार आहे, नेल्स. पण आज नाही."

"बरं." तो उठायला लागला. "मग निघतो. चालायला वेळ लागतो मला, पुढच्या वाटीला परत यायचं म्हणजे—"

"कुठे निघालात? बसा तिथे. त्या कोचावर आडवे व्हा."

तो थोडा वेळ टेबलाची कड धरून उभा राहिला. बाहेर खिडकीच्या काचेवर पहिले टपोरे थेंब वाजले. शेतातला भोंगा आता बंद झाला होता, अंगणात ट्रक येत असल्याचा आवाज येत होता.

"आयरिन हाक मारायची," नेल्स म्हणाला. "आधी टिलीला घालायची, मग मला हाक मारायची. हाक नसली की जेवायचं माझ्या लक्षातच राहत नाही गं."

स्टॅन भिजलेली टोपी झटकत आत आला. त्याने तोंड उघडलं, कोचाकडे निघालेला म्हातारा बघितला, ओट्यावरचं न खाल्लेलं ताट बघितलं, आणि बायकोचा चेहरा बघून टोपी खुंटीला अडकवली.

मार्लीनने वाटी विसळून पालथी न घालता पातेल्याशेजारी उताणी ठेवली.

"आधी टिलीला," ती म्हणाली. "मग हाक मारते तुम्हाला."