कोऱ्या पानावरून उतरवलेले गाव

मित्रांनो, माझे पोट आतून काळेकुट्ट आहे, पण मनाने मी काळी नाही. मी एक जुनी पितळी दौत. काशीच्या ठठेरी बाजारात एका कारागिराने मला ठोकून ठोकून घडवले आणि रामघाटावरच्या ढुंढिराजभटांनी मला घरी आणले. त्यांनी माझ्या पोटात चिंध्यांचा बोळा घातला, त्यावर काजळ नि डिंक घोटून केलेली शाई ओतली. तेव्हापासून मी त्यांच्या उजव्या गुडघ्याशी बसत आले.

भटजींचा धंदा पोथ्या उतरवण्याचा. डावीकडे लाकडी ठवणीवर जुनी पोथी, मांडीवर कोरे पान, आणि मान एकदा इकडे, एकदा तिकडे. अक्षर असे सुरेख की यात्रेकरू पाने उलटून म्हणत, "वा, भटजी!" मला कधी कोणी वा म्हटले नाही. दौतीची स्तुती करायची पद्धतच नाही, त्याला मी तरी काय करणार?

पुढे राणीचे राज्य आले, गंगेवर आगगाडीचा पूल झाला आणि छापलेल्या पोथ्या टोपल्या भरभरून विकायला येऊ लागल्या. मग हातच्या पोथीला कोण विचारतो? भटजींची साठी उलटली होती. मी फडताळात गेले. शाई वाळून बोळ्याचा दगड झाला. कोळ्याने माझ्या तोंडावर खुशाल जाळे विणले. खरे सांगते, मला फार वाईट वाटले.

त्यातच भटजींच्या पत्नीच्या, अंबिकाकाकूंच्या, डोळ्यांत मोतीबिंदू उतरले. काकू मूळच्या गुहागरच्या. लहानपणी आईबापांबरोबर काशीला आल्या, त्या परत कधी गेल्या नाहीत. एका दुपारी त्या म्हणाल्या, "अहो, पूर्वी डोळे मिटले की आमचं अंगण दिसायचं. आता तेही धूसर झालंय. मला माझं गाव लिहून द्या ना. सबेरे जरा वाचून दाखवत जा."

"अगं, मी ते कधी पाहिलंच नाही! मी उतरवणारा माणूस. समोर असेल ते लिहितो."

"सगळी जिंदगी दुसऱ्यांचं लिहिलंत. आता थोडं आपलं लिहा," काकू म्हणाल्या. "गाव पुरतं पुसून जायच्या आधी."

दुसऱ्या दिवशी भटजींनी मला बाहेर काढले, चिंचेने घासले, नवा बोळा घातला, नवी शाई भरली. मी तर उजळून निघाले! मग त्यांनी काय करावे? सवयीने ठवणीवर एक पान लावले, आणि तेही कोरेच! मांडीवर कोरे, समोर कोरे, आणि भटजी दोन्हींकडे आळीपाळीने बघताहेत. मला हसू आवरेना. पण बोरू माझ्यात बुडे, वर जाई आणि पानाला न टेकताच परत येई. असे कितीतरी दिवस चालले. मग माझे हसू विरले. म्हाताऱ्याची भीती मला कळू लागली. तिकडे गाव पुसले जात होते आणि यांना पहिला शब्द सुचत नव्हता.

एका दुपारी कोऱ्या पानाकडे बघता बघता भटजींची तंद्री लागली. गंगेवरचा उजेड खिडकीतून आत येऊन त्या पानावर हलत होता. ते पुटपुटले, "समुद्र असाच असेल का गं?"

काकू वाती वळत होत्या. "असेल. पण खारट," त्या म्हणाल्या.

आणि भटजी लिहू लागले. रामघाटावरून एक होडी सुटली. ती पुलाखालून गेली, घाट मागे पडले, आभाळ पाण्यात उतरले, आणि दुपारच्या डुलकीएवढ्या वेळात होडी एका अंगणाला लागली. तिथे सुपारीची झाडे होती. परकर नेसलेली एक मुलगी वाळत घातलेल्या आमसुलांची राखण करत होती. होडीतल्या म्हाताऱ्याला ती म्हणाली, "किती हो उशीर केलात!"

लिहून झाल्यावर भटजींनी ते काकूंना वाचून दाखवले. काकू डोळे मिटून ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, "हे तर बिलकूल झूठ! समुद्र आमच्या अंगणाला कुठे लागत होता? चांगला लांब होता."

भटजींचा चेहरा पडला. "मग खोडतो."

"खोडाल तर खबरदार! मला दिसतंय आता. पुढे वाचा."

भटजींनी अगदी शेवटपर्यंत वाचले. पोथी उतरवणारे शेवटी एक ओळ लिहितात: जसे समोर दिसले तसे उतरवले, चुकले असल्यास दोष माझा नाही. भटजींचा हात सवयीने तीही लिहून गेला होता.

काकू हसू लागल्या. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. "कुणाचं बघून उतरवलंत हो? हे तुमचंच आहे. दोषसुद्धा तुमचाच!"

मग भटजींनी चुका मिटवायचा पिवळा हरताळ फासून ती ओळ झाकली आणि बोरू माझ्यात बुडवला. त्यांनी लिहिले: हे ढुंढिराजाने रचले. दोष माझा.

मित्रांनो, आता ती दोघेही नाहीत आणि माझी शाई पुन्हा वाळली आहे. पण तुमच्या घरी कोणी आजी-आजोबा असतील. उतारवयात त्यांना काही लिहावेसे वाटले, तर "आता कशाला?" असे म्हणू नका. शाई भरून द्या आणि जवळ बसून ऐका. चूक सापडली तर खुशाल हसा, पण त्यांना खोडू देऊ नका.